अनोळखी सात गिऱ्हाइकं

*प्रिय ताई,*

*मी देवगड तालुक्यातला, वय २९. पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली आणि दीड वर्षापूर्वी ती सोडून गावी आलो. बागायतदाराला थेट गिऱ्हाईक मिळावं, मधला दलाल जावा म्हणून कॉलेजच्या मित्राबरोबर आंबा विक्रीचं ॲप बांधलं. ऑर्डर, पैसे भरायचं वॉलेट, बागेचे फोटो, गप्पा मारायची सोय, सगळं आहे. गेल्या हंगामात ३४० डाउनलोड झाले, ऑर्डरी आल्या १९, त्यातल्या १२ नातेवाइकांच्या. दोन गिऱ्हाइकांनी आंबा आतून खराब निघाला म्हणून एकच तारा दिला. मित्र अजून पुण्यात नोकरीत आहे, शनिवार-रविवार काम करतो. आमचा हिस्सा निम्मा-निम्मा, तोंडी ठरलेला. तो म्हणतो, ॲप पहिल्यापासून नव्याने लिहू, भावाचा अंदाज सांगणारं एआय घालू, मग गुंतवणूकदार येईल. बाबा बागेचा तुकडा तारण ठेवून १२ लाख काढायला तयार आहेत. म्हणतात, "तू कर, बाग खंय पळान जाता?" कर्ज काढू का? की नोकरीवर परत जाऊ?*

*— एक धडपड्या*

अरे,

आधी कर्जाचं बोलू. बाग तारण ठेवू नकोस, आणि तसं आज रात्री जेवताना बाबांना सांगून टाक. हापूसचं कलम लावलं की धड फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, भरात यायला त्याहून जास्त. तुझ्या बागेतली निम्मी झाडं आजोबांनी पाणी घालून वाढवलेली असतील. सातबाऱ्याच्या इतर हक्कात एकदा बँकेचा बोजा चढला की दर हंगामात आंबा बघायच्या आधी हप्ता दिसायला लागतो. कर्जाला माझा सरसकट विरोध नाही. एखाद्याला पॅकिंगची शेड बांधायची असेल, तिच्यात काय ठेवायचं ते ठरलेलं असेल, तर त्याने जरूर काढावं. तुला अजून पैसा कशावर घालायचा तेच सापडलेलं नाही. आज १२ लाख हातात आले तर ते पुन्हा ॲपमध्येच जातील, आणि तुझी अडचण ॲपमध्ये आहे असं मला पत्रावरून वाटत नाही.

तू लिहितोस, मधला दलाल जावा. मला सांग, तुझ्या वाडीतल्या किती बागायतदारांनी गेल्या पावसाळ्यात दलालाकडून उचल घेतली होती? मोहोर धरायला कल्टार हे औषध घालायचं, मोहोर येण्याआधीपासून फवारण्या करायच्या, बाग राखणाऱ्या गुरख्यांचे पगार, पेट्या, पेंढा. हा सगळा खर्च आंबा विकायच्या कितीतरी महिने आधी होतो आणि त्यातला बराच दलालाच्या पैशावर होतो. त्या बागायतदाराच्या झाडावरचा आंबा मोहोरात असतानाच वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाच्या गाळ्यावर पोचलेला असतो. त्याने तुझं ॲप डाउनलोड केलं, तुझ्याशी चांगलं बोलला आणि तरी पेटी दिली नाही, यात त्याचा खोटेपणा नाही. त्याच्याकडे द्यायला पेटी नव्हती.

दलाल आणखीही काही करतो. एप्रिलच्या उन्हात एका दिवसात ८० पेट्यांचा माल तयार झाला तर तो ८० च्या ८० उचलतो. मोठं फळ, लहान फळ, डागी फळ, सगळं. तुझ्या ॲपवरच्या गिऱ्हाइकाला मोठ्या फळाची पाच डझनाची पेटी हवी असते आणि तीही अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. उरलेला बारीक माल कुणी घ्यायचा? दलाल भाव पाडतो, पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, हमाली आणि काय काय लावतो, हे मी नाकारत नाही. पण तू त्याचं कमिशन पाहिलंस आणि त्याचं काम पाहायचं राहिलं. कुणाची जागा घ्यायची असेल तर आधी तो दिवसभर काय करतो ते त्याच्या शेजारी बसून बघावं लागतं.

हे मी शिकले ते असंच, उशिरा. २००८ साली मी आणि माझी मैत्रीण, आम्ही एका बंदरावरच्या मासळी लिलावासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. सात महिने घातले. प्रत्येक बोली संगणकावर नोंदली गेली की भाव सगळ्यांसमोर राहील, नौकामालकाला न्याय मिळेल, अशी कल्पना. पहिल्या संध्याकाळी होड्या लागल्या, टोपल्या वाळूवर उतरल्या, बोली सुरू झाली. एका वाट्याचा लिलाव मिनिटाच्या आत संपतो. माझ्या स्क्रीनवर एका नोंदीला सहा रकाने भरायचे होते. घेणारीचं नाव विचारलं तर उत्तर आलं, "लिही, काळ्या छत्रीवाली." आठवड्याभरात आमच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. मग तिथल्या एका वयस्कर हिशेबनिसांनी आम्हाला रात्री आठ वाजता बोलावलं आणि आपली उधारीची वही उघडून दाखवली. कुणाकडे किती राहिले, कुणी अर्धे दिले, कुणी दिलेच नाहीत. वसुलीच्या दिवशी त्या वहीवरून भांडणं व्हायची. लिलाव त्या माणसांना आमच्यापेक्षा हजारपट चांगला येत होता, त्यात आमची गरजच नव्हती. दुखत होतं ते रात्रीच्या वहीत.

सात महिन्यांचं काम आम्ही कपाटात ठेवलं आणि तीन आठवड्यांत उधारीच्या वहीचं सॉफ्टवेअर लिहिलं. तीन रकाने: कोण, किती, कधी. नावाच्या जागी "काळ्या छत्रीवाली" चालायचं. ती वही अकरा वर्षं चालली, आणि माझं घरही तिच्यावर चाललं.

तर तुझ्या बागायतदाराची रात्रीची वही कुठली आहे? मला एक शंका आहे. तो तीन-तीन दलालांकडे रोज पेट्या पाठवतो. कुठल्या दिवशी किती, कुठली प्रत, पट्टी आली का, पट्टीतला आकडा पाठवलेल्या पेट्यांशी जुळतो का, हे बहुतेक घरांत जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, चिठ्ठ्या पसरून जुळवलं जातं. कदाचित तुझं खरं सॉफ्टवेअर तिथे असेल, कदाचित भलतीकडेच असेल. तुझ्या गावात बसून ते तुलाच दिसेल, मला चिपळूणमधून नाही.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसची सुरुवात ठाऊक आहे का? २००५ च्या दिवाळीत तिचे एक संस्थापक फणींद्र सामा यांना बंगळुरूहून हैदराबादला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. ते आणि त्यांचे मित्र इंजिनिअर, त्यामुळे पहिला विचार तुझ्यासारखाच: बसमालकांना सॉफ्टवेअर करून देऊ. मालकांना त्यात काही रस वाटला नाही. मग त्यांनी मालकांकडे थोड्या सीटा मागितल्या आणि त्या विकून दाखवल्या. सॉफ्टवेअर मालकांच्या गळी उतरलं ते त्यानंतर. तूही ॲप घेऊन जाऊ नकोस, पेट्या मागायला जा. ज्यांनी उचल घेतलेली नाही असे तीन बागायतदार शोध. तुझे बाबा धरून चार. येत्या हंगामात त्यांच्या १०० पेट्या वही, व्हॉट्सॲप आणि यूपीआयच्या क्यूआर कोडवर विक. वॉलेट काढून टाक. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून टपरीवरही जे फुकटात मिळतं ते पुन्हा बांधण्यात तुझे किती आठवडे गेले असतील याचा विचार करून मला वाईट वाटतं.

हातानेच का, तर त्यात तुला अशा गोष्टी दिसतील ज्या स्क्रीनवरून दिसत नाहीत. उदाहरण त्या दोन तक्रारींचंच घे. तू "आतून खराब" लिहिलंस. तुझ्या बाबांना विचार, तो साका असणार. साका बाहेरून दिसत नाही. फळ सुरेख, वास सुरेख, आणि कापलं की गाभा पांढरट, आंबूस. उत्तमातल्या उत्तम बागेतही निघतो. बाजारात तो दलाल आणि किरकोळ विक्रेता यांच्यामध्ये जिरतो, तुझ्या ॲपवर तो सरळ गिऱ्हाइकाच्या ताटात गेला. मग नियम काय? कापलेल्या फळाचा फोटो पाठवला की दुसरं फळ की पैसे परत? तो भुर्दंड तू सोसायचा की बागायतदाराने? फळ १४ आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावरच झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलं होतं हे कोण सांगणार? याची उत्तरं ठरली की मग त्याचं सॉफ्टवेअर चार दिवसांचं काम आहे. ती न ठरवता बांधलेली गप्पांची सोय कुणी वापरली नसेल, तर नवल नाही.

किंवा हे घे. पुण्यात पेटी पोचते तेव्हा आंबा हिरवा असतो. आपल्याला आढी घालणं, म्हणजे पेंढ्यात ठेवून आंबा पिकवणं, लहानपणापासून ठाऊक. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला नाही. तो पेटी उघडतो, एक फळ दाबतो, "कच्चे पाठवले" म्हणून वैतागतो, सगळी फळं फ्रिजमध्ये टाकतो आणि मग ती कधीच नीट पिकत नाहीत. त्याला पेटी मिळाल्या दिवशी एक मेसेज जायला हवा, आणि पाचव्या दिवशी दुसरा: आज पेंढा बाजूला करून बघा, ज्याला वास सुटलाय ते खायला काढा. १०० पेट्यांना हे मेसेज हाताने पाठव. हात दुखायला लागला की तेवढाच भाग सॉफ्टवेअरवर सोपव. बांधायला काय घ्यायचं ते ठरवायची माझी आजही हीच पद्धत आहे.

देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले, ते तू पाहिले असशील. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि फळ देवगडचंच आहे का ते पडताळायचं. मला ते फार आवडलं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेरचा आंबा आपल्या नावाने विकला जातो, हे खरं दुखणं. त्यावरचा उपाय लोकांच्या हातात आधीपासून असलेल्या गोष्टीत बसवला. नवीन काही डाउनलोड करायला लावलं नाही.

पुढे ॲप बांधशीलच, म्हणून दोन गोष्टी तांत्रिक सांगते. बागेत रेंज नसते, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढल्यावर येते. पुण्यातल्या मित्राला हे सांगून पटणार नाही, त्याला एप्रिलमध्ये दोन दिवस बोलव. नोंद फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आली की आपोआप वर गेली पाहिजे. रेंज येत-जात असली की माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो, आणि एका पेटीच्या तीन पेट्या होतात. म्हणून ऑर्डरचा क्रमांक फोननेच, पाठवायच्या आधी, तयार करावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न धरता आधीचीच पोच परत द्यावी. आणि बटणं मोठी ठेव. आंबा काढणाऱ्याच्या बोटांना चीक लागलेला असतो.

आता मित्राच्या दोन सूचना. सगळं नव्याने लिहू, ही हौस मला चांगली ठाऊक आहे. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतलं. पुढची मोठी आवृत्ती यायला २०००चा नोव्हेंबर उजाडला, आणि तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार नेला होता. त्यांना निदान वर्षाचे बारा महिने होते. तुला मार्च ते मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. बाकीचे लोक आज चूक करून पुढच्या आठवड्यात सुधारतात. तुझी एप्रिलमधली चूक सुधारायला पुढचा मार्च येतो. अशा धंद्यात हंगामापूर्वीचे महिने कोड पुन्हा लिहिण्यात घालवणं म्हणजे अख्खं वर्ष घालवणं. जो आहे तो कोड ठेव, त्यातलं नको ते बंद कर.

भावाचा अंदाज सांगणारं एआय तर मुळीच नको. वाशीचा भाव त्या दिवशीच्या आवकेवर हलतो, आवक हवेवर, आणि तुझ्याजवळ एका हंगामाची आकडेवारी. ते राहू दे. समज, अंदाज अगदी बरोबर आला आणि गुरुवारी भाव चढणार हे सोमवारी कळलं. बागायतदार काय करणार? तयार झालेलं फळ गुरुवारपर्यंत झाडावर थांबत नाही. गडी सोमवारीच आलेले असतात. हंगामाच्या शेवटी माल वाशीला पाठवायचा की कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, द्यायचा, एवढाच एक निर्णय त्याच्या हातात असतो आणि तो त्याला एका फोनवर घेता येतो. ज्या माहितीने कुणाचं पाऊल बदलत नाही ती देण्यासाठी सहा महिने घालू नका.

गुंतवणूकदाराबद्दल थोडक्यात. तो अनेक कंपन्यांत पैसे घालतो आणि त्यातल्या दोन-चार प्रचंड वाढाव्यात अशी त्याची अपेक्षा असते, त्याचा धंदाच तो आहे. एका किनाऱ्याचं, तीन महिन्यांचं एक फळ त्या वेगाने वाढत नाही. मग तो तुला बारमाही आंबा विकायला सांगेल, म्हणजे दुसऱ्या राज्यांतला, आणि तू ज्यासाठी गावी आलास त्याच्या नेमकं उलट करत बसशील. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी १९९६ पासून आणि झिरोदा ही शेअर दलाली कंपनी २०१० पासून बाहेरचं भांडवल न घेता वाढल्या. त्या मार्गाला वेळ लागतो, तोही मार्गच आहे.

हिश्श्याचं मात्र या महिन्यात कागदावर आण. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यांचं काय होतं ते तू पाहिलेलंच आहेस. पंधरा नावं, त्यातली नऊ मुंबईत, आणि पडलेलं कुंपण उभारायलाही सह्या मिळत नाहीत. सुरुवातीला सगळे भाऊ एकमेकांवर जीव टाकणारेच होते. तुम्ही दोघे तेच करताय. मित्र वाईट नाही, पण तू पूर्ण वेळ आहेस आणि तो आठवड्याचे दोन दिवस. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत थोडा थोडा मिळत जाईल, आणि पहिलं वर्ष पुरं केल्याशिवाय काहीच नाही, अशी रीत नव्या कंपन्यांत सर्रास आहे. दोघांनाही तीच लावा, तुलासुद्धा. कोडवर मालकी कंपनीची, सोडून जाणाऱ्याला काय मिळणार, अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, एवढं दोन पानांत मावतं. फोनवर नको, त्याच्या घरी जाऊन बोल. हे बोलणं अवघड जाईल आणि त्याने दोस्ती तुटली तर ती पुढे जास्त वाईट तुटली असती.

तू न विचारलेलं एक सांगते, कारण मला ते अजून सलतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा माझं ऑफिस तळमजल्यावर होतं. आम्ही रोज बॅकअप घ्यायचो, एक दिवस चुकवला नव्हता. ती डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात असायची. तीन दुकानदारांची वर्षानुवर्षांची उधारी चिखलात गेली. त्यांची दुकानंही गेली होती, आणि उभं राहायला जी येणी वसूल करायची त्यांचा हिशेब माझ्याकडे नव्हता. त्यांच्यापैकी एकानेही मला शब्दाने दुखावलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहणं त्यामुळेच कठीण गेलं. मोठ्या कंपन्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबमध्ये चुकून चालू डेटाबेस पुसला गेला आणि परत आणायला गेले तर पाच प्रकारच्या बॅकअप-व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. म्हणून बॅकअप दुसऱ्या गावात ठेव आणि महिन्यातून एकदा तो खरंच परत आणून बघ. बागायतदाराने तुझ्याजवळ हिशेब ठेवला म्हणजे पैसेच ठेवले.

नोकरीचं विचारलंस. पुण्याला जाऊ नकोस, पण पगार सुरू कर. आठवड्याचे तीन दिवस घरून करता येईल असं काम घे, जूनपासून फेब्रुवारीपर्यंत. हंगामाचे तीन महिने मोकळे ठेव. १०० पेट्यांतून, समज पेटीमागे २०० रुपये सुटले तर २०,००० होतात. त्यावर घर चालत नाही आणि ते तसं चालावं अशी अपेक्षाही आत्ता नको. येत्या हंगामात तीन आकडे वहीत लिही: किती जणांनी दुसरी पेटी मागवली, किती फळं बदलून द्यावी लागली, सगळा खर्च जाऊन पेटीमागे काय उरलं. आणि मार्चच्या आधीच बाबांसमोर ठरव, दुसरी पेटी मागणारे किती असले तर पुढच्या वर्षी करायचं. मेमध्ये ठरवायला बसलास तर मन हवा तो आकडा काढून देईल.

अजून पालवी पक्व होतेय, मोहोराला वेळ आहे. पण एक काम याच आठवड्यात कर. १९ ऑर्डरींतल्या १२ नातेवाइकांच्या, म्हणजे सात अनोळखी माणसं होती. ज्यांनी तुला कधी पाहिलं नव्हतं आणि तरी पैसे पाठवले अशी सात माणसं. ३४० डाउनलोडपेक्षा मला त्यांच्याबद्दल जास्त ऐकायचं आहे, आणि पत्रात तू त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीस. त्यांना एकेक करून फोन लाव. एक तारा देणाऱ्या दोघांना सगळ्यात आधी. ॲपचं नाव काढू नकोस, सूट देऊ नकोस. आंबा कसा निघाला, घरात कुणी खाल्ला, पेटी उघडली तेव्हा काय केलंत, एवढंच विचार आणि ते बोलतील ते वहीत त्यांच्याच शब्दांत उतरव. मग मला कळव.

— ताई